गाडीची गोष्ट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार भाऊ, दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहून रायलो. मायी लहानी पेट्रोल गाडी हाय, सेकंडहँड घेतलेली, दहाएक वर्षं जुनी. पोळ्याच्या नंतर आठ-दहा दिवस टिनाच्या शेडमधी उभीच होती, वरून पाऊस. मंग काढली तं पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र खर्रर्र आवाज, ब्रेक दाबा का नका दाबू चालूच. म्हटलं दोन-चार किलोमीटरनं जाईन, पण नाई गेला. उजवीकडं वळवली का वाढते. गॅरेजवाल्यानं खाली वाकून पायलं अन् म्हणे डिस्क गंजली, दोन्ही डिस्क अन् पॅड बदला, सात-आठ हजार लागन. सोयाबीन अजून वावरातच हाय. बदलू का नको?

उत्तर: सात-आठ हजार सध्या खिशातच राहू द्या भाऊ. चाक न खोलता, नुसतं वाकून पाहून डिस्क गेली म्हणणारा माणूस डोळ्यानं नाही, अंदाजानं पाहून राहिला.

आता पहा, डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला आवळून धरतात. ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते, बीड रात्रीच्या दवानंही गंजतं. सकाळी डिस्कवर लाल थर दिसला म्हणजे डिस्क खराब असं काही नाही, चार-पाच वेळा नीट ब्रेक मारले की पॅड तो थर घासून काढतात आणि आवाज जातो. तुमचा आवाज गेला नाही, आणि मुख्य म्हणजे ब्रेक न दाबताही येतोय, म्हणून माझा संशय डिस्कवर नाही, डिस्कच्या मागं जो पातळ पत्रा असतो त्याच्यावर आहे. चिखल-गोटे अडवायला कंपनीनं लावलेला असतो तो. डिस्क आणि त्याच्यात फट अगदी थोडी, त्यामुळं पत्रा गंजून फुगला, वाकला, किंवा पांदण रस्त्यावरचा एखादा गिट्टीचा बारका खडा त्या फटीत जाऊन बसला की असाच खर्रर्र आवाज येतो, ऐकणाऱ्याला वाटावं चाकच निखळून पडतं की काय.

वळताना आवाज वाढतो म्हणता, तर चाक ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंगही तपासून घ्या. बेअरिंगचा आवाज खरखरीपेक्षा घूंऽऽ असा असतो आणि स्पीडसोबत वाढत जातो. चाक उचललं की वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवायचं, खडखड लागली तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट (चाकामागचा वळणारा सांधा) ढिला, मग घरी बसून काही होणार नाही, मिस्त्रीकडंच जा.

काम घरी करण्यासारखं आहे पण जागा पक्की पाहिजे. काळ्या मातीत जॅक लावू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही, जॅक खाली जातो आणि गाडी बसते. सिमेंटचा ओटा, नाहीतर जॅकखाली जाड फळी. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग गाडी उचला, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका बापा. आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हातानं फिरवा आणि कान द्या. मग चाक काढून पत्रा पहा, जिथं घासतो तिथं गंजात चकचकीत रेघ उमटलेली असते, ती सापडली म्हणजे रोग सापडला. खडा असेल तर काढा, नाहीतर चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा दोन-तीन मिलिमीटर मागं सारा, परत फिरवून पहा. पुष्कळदा काम इथंच संपतं, खर्च शून्य.

पत्रा बोल्टाजवळच सडून लोंबत असेल तर मात्र बदलावा लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो भाग, काढावं लागतं म्हणून मजुरी लागते. काही मिस्त्री कापून फेकून देतात. मला ते पटत नाही, आपल्या रस्त्यांवर तो पत्रा नसला की सगळा चिखल डिस्कच्या आतल्या बाजूला.

चाक काढलंच आहे तर पॅडही पाहून घ्या. पॅडवरचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदला, तिथं काटकसर नको, लोखंड लोखंडावर घासलं की डिस्कही जाते. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड असं दिसलं तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्याच्या पिना गंजून अडकल्यात. त्या हातानं पुढं-मागं सरकल्या पाहिजेत. काढून बारीक पॉलिश पेपरनं साफ करा आणि ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा, डब्यातलं साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत अडकते. कॅलिपर सोडला तर तो ब्रेकच्या पाइपावर लोंबकळू देऊ नका, तारेनं वर बांधून ठेवा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली आली नसेल आणि खोल चऱ्या नसतील तर डिस्क चांगली आहे. कडेला गंजाचा काठ उभा राहिला असेल तर तो कानसेनं हलकाच उतरवा. सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत रहा. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागं सारला असेल तर पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं, आणि ते दारासमोर कळलेलं बरं, रस्त्यावर नको.

आता एक विचारतो, गाडी धुता कशानं? दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं गाडी धुतली आणि शेडमध्ये लावली की पाणी सुकतं पण मीठ लोखंडावरच राहतं, ते हवेतली ओल ओढत राहतं. युरियाची पोती डिक्कीतून नेत असाल तर त्याचीही तीच गत. शेवटची एक बादली नळाच्या गोड पाण्याची मारा आणि लगेच गाडी एखादा किलोमीटर फिरवून तीन-चार ब्रेक मारून आणा, डिस्क कोरडी झाली की मग उभी करा.

प्रश्न: वणीकडून. पंधरा दिवस गाडी उभी होती, हँडब्रेक ओढलेला. आता मागचं एक चाक हलूनच नाही रायलं.

उत्तर: मागं ड्रम ब्रेक असेल तर ओले लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) गंजून ड्रमला चिकटलेत. हँडब्रेक सोडून पहिला आणि रिव्हर्स असा आळीपाळीनं हलका झटका द्या, जोर नको. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमवर लाकडाच्या हातोडीनं चारी बाजूनं ठोका. पावसाळ्यात जास्त दिवस गाडी लावायची असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावत जा.

प्रश्न: गंज नको म्हणून गाडीखाली जळकं ऑइल मारतात, ब्रेकलाही मारलं तं चालते का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. चेसिसला मारणारे मारतात, तेही रबराला लागलं तर रबर खराब करतं. पण चाकाजवळ फवारा सुद्धा जाऊ देऊ नका, आणि गंज धुवायला डिझेल-रॉकेलही नको. ब्रेक क्लीनरचा स्प्रे, नसेल तर साबणाचं पाणी. पॅड एकदा तेलात भिजला की धुऊन काही उपयोग होत नाही, फेकावाच लागतो, आणि जोडीनंच फेकावा लागतो.