अमेरिकेत 'हॉस्पिटलिस्ट' म्हणजे नक्की कोणता डॉक्टर? पुढे त्यात करिअर कसं असतं?

फक्त वॉर्डात दाखल झालेले रुग्ण बघणारा फिजिशियन. त्याची ओपीडी नसते, स्वतःचा दवाखाना नसतो. हा शब्द १९९६ साली रॉबर्ट वॉख्टर आणि ली गोल्डमन या अमेरिकन डॉक्टरांनी एका लेखात रूढ केला. त्याआधी फॅमिली डॉक्टरच सकाळी आपल्या दाखल रुग्णांना भेटून मग दवाखान्यात जात. दुपारी रुग्णाचं बीपी कोसळलं, तर ते तिथे नसत. ही उणीव हॉस्पिटलिस्टने भरून काढली.

भारतातून जाणाऱ्यांचा मार्ग असा: एमबीबीएस, यूएसएमएलई (अमेरिकेतली वैद्यकीय परवाना परीक्षा), मग इंटर्नल मेडिसिनची (प्रौढांच्या आजारांची) तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. त्यानंतर वेगळी फेलोशिप (पुढचं विशेष प्रशिक्षण) सक्तीची नाही. बऱ्याच ठिकाणी सात दिवस सलग काम, सात दिवस सुट्टी. ऐकायला छान वाटतं, पण ते सात दिवस बारा-बारा तासांचे असतात आणि त्यात दिवाळी आली तर आली!

आवडीनुसार पुढे वाटा फुटतात. कुणी रेसिडेंटना शिकवतं, कुणी खाटेपाशी सोनोग्राफी करण्यात तरबेज होतं, कुणी पॅलिएटिव्ह केअरकडे (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांकडे) वळतं. मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते रुग्णसुरक्षेचं काम. डिस्चार्जच्या वेळी घरची जुनी औषधं आणि नवी औषधं ताडून बघणं, हे साधं वाटणारं काम नीट झालं नाही तर रक्त पातळ करणारी गोळी दुप्पट जाऊ शकते.

एकाच रुग्णाला वर्षानुवर्षं बघायची ओढ असेल, तर मात्र हे क्षेत्र निवडू नका.