एन्डॉर्समेंट म्हणजे उमेदवारी नव्हे

अमेरिकेतल्या राज्य पातळीवरच्या प्रायमरीविषयी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीविषयी, मराठीत लिहू पाहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. तिथले स्थानिक कन्झर्व्हेटिव्ह (उजव्या विचारांचे) गट उमेदवारांचे ‘व्हेटिंग’ (तपासणी) करतात आणि मग त्यांतल्या एखाद्याला ‘एन्डॉर्स’ करतात, म्हणजे आपली पसंती जाहीर करतात. ‘तळागाळातील सनातनी गटाने छाननी करून अमुक यांना उमेदवारी दिली’ असे वाक्य चालेल का?

नाही चालणार. त्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आपल्याकडच्या निवडणुकीतून उचललेला आहे आणि तो इथला अर्थ सोबत घेऊन येतो.

सर्वांत मोठी चूक ‘उमेदवारी दिली’ ही. आपल्याकडे उमेदवारी पक्ष देतो. इच्छुकांच्या मुलाखती होतात, यादी जाहीर होते आणि ज्याच्या हाती एबी फॉर्म पडतो तो अधिकृत उमेदवार. उरलेले बंडखोर किंवा नाराज. अमेरिकेत हा अधिकार पक्षनेत्यांकडून काढून मतदारांना देण्यासाठीच प्रायमरी आली. विस्कॉन्सिनने १९०३ मध्ये तसा राज्यव्यापी कायदा केला, त्यामागे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांचा आग्रह होता. तेव्हा रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार कोण, हे प्रायमरीत मतदान करणारे लोक ठरवतात. टेक्साससारख्या राज्यात तर मतदाराची पक्षनिहाय नोंदणीही नसते. कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मत देता येते. अशा व्यवस्थेत एखादा गट उमेदवारी देईल कशी? तो फार तर सांगेल की आमच्या मते हा माणूस योग्य आहे.

या सांगण्याला मराठीत तीन शब्द सुचतात. पहिला ‘पृष्ठांकन’. मूळ शब्दाला तो अगदी चिकटून आहे, कारण एन्डॉर्स म्हणजे कागदाच्या पाठीवर लिहिणे. पण पृष्ठांकन चेकवर आणि हुंडीवर शोभते, माणसावर नाही. दुसरा ‘पाठिंबा’. यातही पाठ आहेच आणि रोजच्या बातमीत तो खुशाल वापरावा. त्याची अडचण एवढीच की पाठिंबा कसाही मिळतो: तडजोडीतून, शेवटच्या क्षणी, कुणाला पाडण्यासाठी. पारख करून, सभासदांचे मत घेऊन दिलेला कौल त्यात दिसत नाही. म्हणून माझी पसंती तिसऱ्या शब्दाला, ‘पुरस्कृत’. ‘पक्षपुरस्कृत अपक्ष’ हा प्रयोग आपल्या ग्रामपंचायतीपासून विधान परिषदेपर्यंत रुळलेला आहे. पुरस्कार करणारा वेगळा आणि उमेदवार वेगळा, हे अंतर त्यात राखले जाते, आणि तेच इथे हवे आहे. फक्त ‘पुरस्कार दिला’ असे लिहू नका, वाचकाला शाल-श्रीफळ दिसेल. ‘पुरस्कार केला’ किंवा ‘गटपुरस्कृत उमेदवार’ असे लिहा.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे हे मिनेसोटात कळते. तिथे गट तर सोडाच, खुद्द पक्षाचे अधिवेशन उमेदवाराचा पुरस्कार करते, आणि तरीही ते तिकीट ठरत नाही. ऑगस्टमधली प्रायमरी उरतेच. २०१० मध्ये डेमोक्रॅटिक बाजूच्या अधिवेशनाने गव्हर्नरपदासाठी मार्गारेट अँडरसन केलिहर यांचा पुरस्कार केला होता. प्रायमरीत त्यांना मार्क डेटन यांनी हरवले आणि पुढे तेच गव्हर्नर झाले. २०१८ मध्ये उलटे घडले. माजी गव्हर्नर टिम पॉलेंटी यांनी रिपब्लिकन अधिवेशनाचा पुरस्कार न मागता थेट प्रायमरी लढवली, आणि पक्षपुरस्कृत जेफ जॉन्सन यांच्याकडून ते हरले. ‘उमेदवारी दिली’ असे लिहिले असते तर या दोन्ही बातम्या मराठी वाचकाला अगम्य वाटल्या असत्या.

कॅलिफोर्नियाचा इतिहास तर या शब्दासाठी मुद्दाम वाचावा असा आहे. तिथे कित्येक दशके एकच माणूस दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभा राहू शकत असे. १९४६ मध्ये अर्ल वॉरन यांनी गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही प्रायमरी जिंकल्या! मग ‘आपला’ माणूस कोण हे मतदाराने ओळखायचे कसे? त्या गोंधळात अनौपचारिक कार्यकर्ता-संघटनांच्या शब्दाला वजन आले. १९३४ मध्ये स्थापन झालेली कॅलिफोर्निया रिपब्लिकन असेम्ब्ली ही त्यांतली ठळक संघटना. १९६० च्या दशकात कन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्त्यांनी तिच्यावर पकड बसवली. अधिकृत पक्षसमित्यांना प्रायमरीत कुणाचा पुरस्कार करायला कायद्याने बंदी होती. ती सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे जे पक्षाला करता येत नव्हते ते स्वयंसेवी गट करत होते. पुरस्कर्ता हा पक्षाबाहेरचा असतो, हा अर्थ तिथे असा मुरलेला आहे.

आता ‘व्हेटिंग’. छाननी आपल्याकडे निवडणूक अधिकारी करतो: अर्जावर सही आहे का, सूचक-अनुमोदक बरोबर आहेत का. ती कागदांची असते. इथे माणूस तपासला जातो. मूळ इंग्रजी शब्द पशुवैद्याकडून आला आहे. त्याने जनावर तपासून ठीक आहे म्हणायचे. बैलबाजारात दात बघून, चालवून, वशिंडावर हात फिरवून जी होते ती पारख. तेव्हा ‘पारख’ किंवा ‘पारखून घेणे’ हाच शब्द घ्यावा. ‘चाचपणी’ नको, ती हवा कुठे वाहते हे पाहण्याची असते.

ही पारख कशी होते ते पाहिले की बाकीचे शब्दही जागेवर बसतात. आधी लेखी प्रश्नावली जाते: गर्भपात, शस्त्रबाळगणी, मालमत्ता कर, शाळा. बहुतेक प्रश्नांना हो किंवा नाही एवढेच उत्तर अपेक्षित असते. मग मुलाखत. उमेदवार आधीच आमदार असेल तर विधिमंडळातल्या त्याच्या मतदानाची नोंद काढतात आणि त्यावरून गुण देतात. बंदूकधारकांची राष्ट्रीय संघटना एनआरए तर शाळेसारखी अक्षरश्रेणी देते. याला ‘गुणपत्रक’ म्हणावे. कधी सहीनिशी वचनही घेतात. करवाढीला विरोध करण्याचे, करविरोधी कार्यकर्ते ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांनी आणलेले १९८६ चे वचन सर्वांत प्रसिद्ध, आणि त्यावर राज्यांतले उमेदवारही सह्या करतात. याला ‘प्रतिज्ञापत्र’ म्हटले तर मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे शपथपत्र वाटेल, ‘वचननामा’ म्हटले तर पक्षाचा जाहीरनामा वाटेल. ‘हमीपत्र’ बरोबर बसते.

एक काळजी मात्र घ्यावी. करमुक्त धर्मादाय संस्थांना आणि चर्चला उमेदवाराचा पुरस्कार करण्यास १९५४ पासून करकायद्यात मनाई आहे. म्हणून १९९० च्या दशकात ख्रिश्चन कोअलिशन या कन्झर्व्हेटिव्ह धार्मिक संघटनेने चर्चमधून पत्रके वाटली त्यांत उमेदवारांच्या भूमिका शेजारी शेजारी छापलेल्या असत, ‘याला मत द्या’ असे नसे. वाचणाऱ्याला काय समजायचे ते समजे, पण कागदावर तो पुरस्कार नव्हे. त्याला ‘मतदार मार्गदर्शिका’च म्हणा, नाहीतर बातमीत नसलेला कायदेभंग तुम्ही घडवून आणाल.

‘तळागाळातील’ हा शब्द मला इथे खटकतो. मराठीत तळागाळ म्हणजे वंचित, उपेक्षित माणसे. तो अर्थ चळवळींनी कमावलेला आहे आणि तो उपनगरातल्या घरमालकांच्या गटाला लावू नये. ‘स्थानिक कार्यकर्त्यांचे गट’ पुरेसे आहे. ‘सनातनी’ला आपल्याकडे धर्माचा वेगळा रंग आहे, आणि ब्रिटनसाठी रुळलेला ‘हुजूर’ अमेरिकेत निरर्थक, ‘कन्झर्व्हेटिव्ह’च ठेवावे. प्रायमरीही ‘प्रायमरी’च राहू द्या. ‘प्राथमिक’ म्हटले की ती किरकोळ, आधीची फेरी वाटते, आणि एकाच पक्षाचे वर्चस्व असलेल्या मतदारसंघात निकाल तिथेच लागतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉईट भागातून अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेले, त्यांची खरी लढतही ऑगस्ट २०२२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतच झाली.

राहिली ती गटपुरस्कृत उमेदवारांची छापील यादी, कार्यकर्त्यांनी मतदारांच्या हाती द्यायची. टेक्सासमध्ये न्यायाधीशही पक्षाच्या नावावर निवडले जातात, त्यामुळे प्रायमरीची मतपत्रिका खूप लांबते, आणि सगळे एकाच पक्षाचे असल्याने पक्षाच्या नावावरून निवड करता येत नाही. मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे, म्हणून त्या रेषेपलीकडे उभे राहून ही यादी वाटतात. तिला ‘पॅनेल’ म्हणू नका. साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलमधले उमेदवार एकमेकांशी बांधलेले असतात, इथे त्यांची एकमेकांशी ओळखही नसेल. ‘शिफारसयादी’ म्हणा.