आधी कुडल, मग कैरो

प्रिय बाळा,

तुझी एक्सेल शीट बघितली. सात दिवसांत कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, अस्वान, अबू सिंबेल आणि वर लाल समुद्रात स्नॉर्केलिंग. अरे, इजिप्त बघायला चाललायस की टपाल वाटायला? चिडू नको, मी पण हेच करून बसलोय. रिटायर झालो त्या वर्षी एका टूरवाल्याबरोबर गेलो, त्यानं लक्सरच्या कर्नाक देवळाला चाळीस मिनिटं दिली आणि पपायरसच्या (नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून करतात तो जुन्या काळचा कागद) दुकानाला दीड तास. त्या १३४ खांबांच्या मंडपात मी काय बघितलं तर गाइडची लाल छत्री, चुकामूक होऊ नये म्हणून सारखी तीच शोधत होतो. दुकानातून घेतलेलं चित्र घरी आणून फ्रेम केलं, नंतर एका जाणकारानं हात लावून सांगितलं की हा पपायरस नाही, केळीचा पाला आहे. तुझी काकू अजून म्हणते, करमाळ्याकडं केळीच्या बागा कमी होत्या का.

तर पहिल्यांदा अलेक्झांड्रिया आणि समुद्र काढून टाक आणि दोन दिवस वाढव. कैरो, लक्सर, अस्वान, बास. सगळं नाईलच्या काठानं एका ओळीत आहे, कैरोहून लक्सर साधारण साडेसहाशे किलोमीटर, रात्रीची रेल्वे आहे, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जातोस तसं झोपून जायचं.

कैरोत सगळे आधी गिझाला पळतात. तू नको पळू. आधी सक्कारा, मग दहशूर, आणि गिझा सगळ्यात शेवटी. का सांगतो. सक्काराला जोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे, गिझाच्या खुफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडच्या साधारण शंभर वर्षं आधीचा, म्हणजे तिथं यांची सुरुवात दिसते. आणि दहशूरला खुफूच्या बापाचा, स्नेफ्रूचा वाकडा पिरॅमिड. खालून ५४ अंशांचा चढ घेत चाललेत आणि मधेच ४३ अंशांवर आणलाय, म्हणजे काम चालू असतानाच कुणाच्या तरी लक्षात आलंय की हे असंच वर नेलं तर जमायचं नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वीची साइटवरची धांदल दगडात तशीच राहिलीय. शेजारीच त्यानं परत एक बांधला, तो सरळ आला, आणि मग पोरानं १४६ मीटर उंचीचा उभा केला (आता १३८ च्या आसपास उरलाय). हे बघून गिझाला गेलास ना, तर उंटावरचा फोटो काढून परत येणार नाहीस.

म्युझियमचं पण नीट बघून ठेव, लोक हमखास घोळ करतात. तुतनखामेन राजाच्या थडग्यातल्या वस्तू, पाच हजारांच्या वर, गिझाजवळच्या नव्या ग्रँड म्युझियममध्ये आहेत, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलं. राजांच्या ममी मात्र २०२१ पासून जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या म्युझियममध्ये. आणि तुतनखामेन स्वतः? तो लक्सरलाच, १९२२ मध्ये सापडला त्याच थडग्यात.

लक्सरला पश्चिम काठावर मेदिनेत हाबूचं देऊळ चुकवू नको, टूरवाले टाळतात ते. तिथं तिसऱ्या रामसेस राजानं अक्षरं इतकी खोल कोरून घेतलीयत की पंजा आत जाईल (घालू नको, लांबूनच बघ). कारण उघड आहे, मागच्यांची नावं खोडून त्यावर आपली घालायची तिथं पद्धतच होती, हातशेपसुत राणीचं नाव कसं छिन्नीनं उडवलंय ते तिच्या देवळात दिसतंच.

अबू सिंबेलला मला मात्र भलतंच आठवलं, आपलं उजनी धरण. अस्वानचं मोठं धरण बांधताना ते देऊळ बुडणार होतं म्हणून १९६४ ते ६८ मध्ये कापून, तुकडे करून साधारण ६५ मीटर वर नेऊन परत जोडलं. आपलं पळसदेवचं देऊळ मात्र आहे तिथंच उजनीच्या पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं आणि लोक होडीनं बघायला जातात. अबू सिंबेलच्या देवळाला जगभरातनं पैसा आला, पण तिथल्या मूळच्या न्युबियन लोकांची गावं उठली ती उठलीच. आपल्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. अस्वानला न्युबियन म्युझियम आहे, तासभर तरी काढ.

बाकी किरकोळ. सोलापूरचा मे सोसलाय म्हणून जूनमध्ये जायचं धाडस नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघ, जानेवारीतली आपली गड्ड्याची जत्रा सोडून. व्हिसाचं सरकारी साइटवरच वाच, व्हॉट्सॲपवर नाही. खिशात सुट्ट्या नोटा ठेव, थडग्यातला रखवालदार न मागता बॅटरी मारून दाखवेल आणि मग हात पुढं करेल, 'बक्शीश', शब्द आपलाच आहे, भाव पण तोच. त्यांचे आकडे घरूनच शिकून जा, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, रेल्वेच्या डब्यावर आणि बिलावर फार गंमत होते. खायला कोशरी, भात मसूर मॅकरोनी छोले एकात आणि वरून तळलेला कांदा, ऐकायला विचित्र पण पोटभर आणि शाकाहारी. शेंगाचटणी ने, कशावरही चालते.

आणि तिकीट काढायच्या आधी एक काम. तू हत्तरसंग कुडल बघितलं नाहीस, हो ना? जन्म सोलापुरात आणि भीमा-सीनेचा संगम बघितला नाही! तिथं संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे, 'वाछि तो विजेया होइवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल, आणि जवळच ३५९ मुखं कोरलेलं एकच शिवलिंग. बोर्ड नाही, गाइड नाही, नुसतं दगडासमोर उभं राहून अक्षर लागेपर्यंत बघत बसायचं. ही सवय कर्नाकला कामाला येते, मला उशिरा कळलं.

रविवारी सकाळी सहाला ये. गाडी मी काढतो, कडक भाकरी काकू बांधून देईल. येताना बॅटरी आण, आत अंधार असतो.

तुझा,
काका