अलिबाग-मुरुड दोन दिवसांत? आधी तिथी सांगा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात दोन दिवस मोकळे आहेत, सोबत साठी ओलांडलेले आईबाबा आहेत, तर अलिबाग ते मुरुड या किनाऱ्यावर काय काय बघावं. माझा उलटा प्रश्न : जाताय ती तिथी कोणती?

माझं आजोळ अलिबागचं. आजोबांचा हिशेब सोपा होता. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनला पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण सहल आखायला पुरतं. अष्टमी-नवमीला मात्र भांग असतो, पाणी नीट उतरतच नाही. म्हणून तृतीया ते षष्ठी हे दिवस बघा. सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान ओहोटी मिळते आणि ऊनही कोवळं असतं.

हे सगळं अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासाठी. ओहोटीला किनाऱ्यावरून चक्क चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० साली याचं काम सुरू केलं, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. तटाजवळ उभं राहून दोन चिऱ्यांमधली फट बघाच. तिथे चुना नाही. नुसते चिरे एकावर एक रचलेत. लाट आपटते, पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथेच जिरतो. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचं देऊळ आहे. कॉलेजात असताना आम्ही त्या देवळाच्या पायरीवर गप्पा मारत बसलो आणि परतताना पाणी कमरेला लागलं. माझी एक चप्पल बहुतेक अजून अरबी समुद्रात आहे. आईबाबांना घोडागाडीने न्या आणि पाणी चढायच्या आत निघा.

दुपारी जेवून रेवदंड्यामार्गे कोर्लईला जा. डोंगरावरचा किल्ला पोर्तुगीजांचा. आईबाबांना चढ झेपला नाही तर दीपगृहापाशी बसू दे, खाडीचं मुख तिथूनही छान दिसतं. मला स्वतःला किल्ल्यापेक्षा पायथ्याचं गाव जास्त आवडतं. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, पण तिथल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. गावातून जाताना गाडीच्या काचा खाली करा, कदाचित कानावर पडेल.

काशीदला पाय भिजवा, पोहू नका. पाणी ओढतं.

दुसरा दिवस पूर्ण जंजिऱ्याला. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. सकाळी पहिल्या होड्यांपैकी एखादी गाठा, नंतर रांग लागते. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, समोर नुसता तट. मग एकदम दोन बुरुजांमधून वाट उघडते. दारावर पंजात हत्ती दाबून धरलेला पशू कोरलाय. सिद्दींचा संदेश स्पष्ट होता, आणि तो खराही ठरला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून पाहिला, तरी किल्ला पडला नाही. होडीवाले परतीची वेळ बांधून देतात, त्यामुळे सगळ्या तोफा बघायच्या नादात गोड्या पाण्याचा तलाव चुकवू नका. होडीतून पायऱ्यांवर उतरताना मात्र ती चांगलीच हलते. बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा भाग आधीच विचारात घ्या. तसं असेल तर मुरुडच्या किनाऱ्यावर बसून पद्मदुर्ग बघा. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला तो हाच.

तारीख कळवा, तिथी काढून भरतीची वेळ सांगतो.