हत्तीवरच्या पोलोचं वेड असेल तर आधी सायकल घे
भाऊ, तू हत्तीवरचा पोलो कुठं शिकायला मिळते विचारून राहिला, तर सरळ सांगतो, आता त्याच्या मागं लागू नको. १९८२ मध्ये नेपाळच्या चितवनला याची संघटना झाली, सुरुवातीला फुटबॉल वापरला पण हत्ती पाय देऊन फोडून टाकायचे म्हणून मग पोलोचा बॉल आला, एका हत्तीवर माहूत अन् खेळाडू दोघं, बांबूची लांबच लांब काठी, गोलपुढं हत्ती आडवा पडून राहिला तर फाऊल. ऐकायला भारी वाटते, पण त्या जनावराला अंकुश मारून पळवतात हे मला बिलकुल पटत नाही, अन् थायलंडची स्पर्धा पण २०१८ नंतर बंदच पडली.

तू सायकल पोलो धर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनी सामना झालेला खेळ आहे हा अन् आपल्या नागपुरात याची नॅशनल स्पर्धा पण झाली आहे. पहिले काही दिवस बॉलला हात लावू नको, फक्त डाव्या हातानं सायकल सांभाळ, एकदम हळू, वळणं घे, कारण उजव्या हातात मॅलेट, म्हणजे बॉल मारायची काठी असते अन् नवीन पोरं तिथंच पडतात. ब्रेक डावीकडं पाहिजे, गिअर हलका. हेल्मेट अन् गुडघ्याचे पॅड घेच, यात पैसे वाचवू नको. नजर पुढच्या चाकावर नाही, बॉलवर. अन् बॉल ज्या रेषेत चालला त्या रेषेला आडवं घुसायचं नाही, मोठे अपघात त्यातूनच होतात. मे महिन्यात सकाळी सहाच्या आत ग्राउंडवर ये बाप्पा, नंतर ऊन उभं राहू देत नाही.