भोपळा लपवू नकोस

ठाण्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा अडीच वर्षांचा. भाजी दिसली की तोंड घट्ट मिटतो. म्हणून तिनं बीटचे मफिन केले आणि 'चॉकलेट आहे' म्हणून दिले. चार दिवस त्यानं आनंदानं खाल्ले. पाचव्या दिवशी आत बिटाचा लाल तुकडा सापडला. तेव्हापासून तो पोळीसुद्धा उघडून बघतो आणि विचारतो, "यात काय घातलंय?" सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे गुहागरला असले लाड नव्हते." ती लिहिते, "मावशी, मी आई म्हणून हरले का?"

अगं, हरली नाहीस. अडीच वर्षांचं पोर घास उघडून बघतं, प्रश्न विचारतं, ही हुशारीच आहे. आणि नवीन पदार्थाला नाही म्हणणं या वयात फार सर्रास आढळतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही कमी होते. आपण मात्र ताट पूर्वीच्याच हिशेबानं वाढत राहतो. दूध किती पितो तेही बघ. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल, तर जेवणाला पोटात जागाच उरत नाही.

चूक झाली ती एकच, त्याला चॉकलेट सांगितलंस. सोडा घालून भाजलं की बीट तपकिरी होतं, म्हणून ते खपलं. पण ओळखच झाली नाही, तर बीट आवडणार कसं? एखादी भाजी मूल स्वीकारेपर्यंत दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. लपवलेल्या बिटाची एकही वेळ मोजली जात नाही. यापुढे मफिन करशील तेव्हा पिठात दही किंवा लिंबू घाल, रंग बराच गुलाबी राहतो, आणि सरळ नाव सांग. दुसऱ्या दिवशी शू गुलाबी झाली तर घाबरू नकोस, तो बिटाचाच रंग.

सध्या मात्र बीट राहू दे, लाल भोपळा घे. वाटीभर भोपळा बारीक खिसून तुपावर परत, पाव वाटी गूळ विरघळव आणि गार होऊ दे. आपण घारग्यांना करतो तसंच. त्यात वाटीभर कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, तीन चमचे तूप, वेलची, चिमूटभर मीठ घाल. घट्ट वाटलं तर थोडं दूध. पंधरा मिनिटं झाकून ठेव, रवा फुगला पाहिजे. पाव चमचा सोडा अगदी शेवटी. छोट्या साच्यांत, 180 अंशांवर वीसेक मिनिटं. त्याच्या मुठीत मावेल एवढाच आकार ठेव. मोठा मफिन बघूनच मुलं दडपतात. वर अख्खे काजू-बदाम लावू नकोस, घशात अडकतात.

भोपळ्याच्या बिया त्याला काढू दे, पीठ ढवळू दे. सांडेल, सांडू दे. मग एक मफिन ताटात ठेव आणि गप्प बस. "एकच घास, राजा" नाही, बक्षीस नाही. तूही त्याच्याबरोबर खा. नाही खाल्ला तर चेहरा न पाडता उचल, चार दिवसांनी पुन्हा ठेव. वजन वाढत नसेल, घास गिळताना सारखा ठसका लागत असेल किंवा आधी खायचा ते पदार्थही एकेक करून सुटत असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आणि सासूबाईंशी वाद घालू नकोस. गुहागरच्या आहेत ना? त्यांना धोंडस येत असेल. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा खीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि पातेल्याला खालीवर निखारे. भाजी घालून केक भाजणं कोकणाला नवीन नाही. एखाद्या रविवारी त्यांना करायला सांग आणि पोराला शेजारी पाटावर बसव. खिसणी आजीच्या हातात, गूळ घालायचं काम त्याचं.

— मावशी