कुंडी बदलली आणि पानं पिवळी पडली

प्रश्न : गच्चीवरची जास्वंद ८ इंची कुंडीत दाटली होती, म्हणून १६ इंची कुंडीत हलवली. माती आणि शेणखत नवं घातलं. आठवडाभर बरी होती. मग खालची पानं पिवळी पडायला लागली आणि वरची कडांनी वळली. रोज पाणी घालूनही दुपारी झाड मलूल दिसतं. एक चमचा युरिया दिला, फरक नाही. कशाची कमतरता असेल?

उत्तर : कमतरतेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेली लक्षणं मुळांची आहेत, आणि मुळांना बहुधा पाणी नव्हे, हवा कमी पडते आहे.

८ वरून १६ इंचांवर गेलं की कुंडी दुप्पट झाली असं वाटतं. पण रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट झाली की माती आठपट होते. मुळं मात्र तेवढीच, मधल्या हुंडीत, म्हणजे मुळांसकटच्या जुन्या मातीच्या गोळ्यात. उरलेल्या सात भागांतली ओल शोषायला तिथे कोणीच नसतं, आणि रोजच्या पाण्याने ती माती वाफशावर, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेल्या स्थितीत, येतच नाही.

ओल्या मातीत झाड मलूल का होतं? पाणी ओढतात ती मुळांच्या टोकांजवळची केसांसारखी बारीक मुळं. कुंडी बदलताना ती थोडीफार तुटतातच. नवी फुटायला प्राणवायू लागतो, आणि मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की तो मिळत नाही. वर ऊन पानांतलं पाणी ओढत असतं, खालून भरपाई होत नाही. मग झाड पानं वळवून उन्हासमोरची जागा कमी करतं आणि जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. म्हणून पिवळेपणा खालून चढतो. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आणखी एक तांब्या ओतला जातो.

आता खात्री करा. बोट दोन इंच मातीत खुपसा. वरचा थर कोरडा आणि खाली चिखल, असं उन्हाळ्यात सर्रास असतं, त्यामुळे नुसतं वरून पाहून चालत नाही. एक बारीक काठी पार तळापर्यंत घालून दहा मिनिटांनी काढा. खालचं टोक काळपट ओलं आलं आणि त्याला कुबट वास असला, तर निदान जवळजवळ झालंच. तळाची भोकंही बघा. कुंडी सपाट फरशीवर टेकली की ती बंद होतात. कुंडीखाली विटेचे तीन तुकडे ठेवले की काम भागतं.

तरी शंका राहिली तर हुंडी बाहेर काढा. कुंडी आडवी करा, कडेने थापट्या मारा आणि खोड न ओढता हुंडी सरकवा. निरोगी मूळ पांढरट, करकरीत असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. चिमटीत धरून हलकं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. हे दिसलं की मूळकूज नक्की.

मुळं बरी असतील तर एवढंच करा : पाणी थांबवा, कुंडी सात ते दहा दिवस सकाळचं कोवळं ऊन लागेल अशा जागी ठेवा, आणि वरचे दोन इंच कोरडे झाल्यावरच पुन्हा पाणी द्या. द्याल तेव्हा तळातून वाहेपर्यंत द्या. रोज घोटभर पाणी घालण्याची सवय सगळ्यांत वाईट. फांद्या छाटू नका. नवी मुळं घडवायला लागणारं अन्न हिरव्या पानांतच तयार होतं.

मुळं कुजली असतील तर मात्र छाटणी हवी. स्वच्छ कात्रीने पांढरा भाग लागेपर्यंत मुळं कापा आणि तेवढ्या प्रमाणात फांद्याही कमी करा. मग उरलेल्या हुंडीपेक्षा जेमतेम दोन इंच रुंद कुंडी घ्या. मोठी कुंडी पुढच्या वर्षी. मातीचे दोन भाग, भरड वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, हे मिश्रण पुरतं. वाळू भरडच हवी. बारीक वाळू पोकळ्या बुजवते आणि निचरा उलट बिघडवते. खोड आधी होतं तेवढंच खोल ठेवा, वर माती चढवू नका.

शेणखत मुठीत दाबून हुंगा. कुजलेलं खत भुसभुशीत असतं आणि त्याला मातीचा वास येतो. आत ऊब किंवा नाकाला झोंबणारा वास असेल तर ते कच्चं आहे, आणि कच्चं खत कोवळी मुळं भाजतं. युरियाचंही तेच : तुटक्या मुळांभोवती क्षार वाढले की पाणी ओढणं आणखी जड जातं. नवी पालवी धरेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, कुठलंही खत नको.

याच्या उलट एक प्रकार होतो तो चटकन लक्षात येत नाही. जुनी हुंडी चिकण मातीची आणि भोवतालचं मिश्रण हलकं असेल, तर पाणी कडेकडेने सुटून तळातून निघून जातं. बाहेर ओल, हुंडी आतून खडखडीत. अशी कुंडी पाणी घालूनही हलकी लागते. ती अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या.

प्रश्न : कुंडीच्या तळाला तीन इंच खडी घातली आहे. मग पाणी साचेल कसं?

उत्तर : खडीमुळे निचरा सुधारत नाही. बारीक पोकळ्यांची माती पाणी धरून ठेवते, आणि तळाचा थर पूर्ण भिजल्याशिवाय ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. म्हणजे चिखलाचा थर तीन इंच वर सरकतो, मुळांच्या अधिक जवळ. भिजलेला स्पंज आडवा धरा, थेंब थांबू द्या, मग उभा करा. पुन्हा पाणी गळतं. खडी घालून आपण मातीचा स्तंभ बुटका करतो, तो स्पंज आडवा धरण्याचाच प्रकार. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बाकी सगळी माती भरा.

प्रश्न : मिरचीची रोपं कुंड्यांत लावून तीन आठवडे झाले. माती वाफशावर, मुळंही पांढरी. पण शेंड्याची पानं होडीसारखी वर वळली आहेत.

उत्तर : जुनी पानं ठीक आणि फक्त कोवळी वळलेली, मुळं निरोगी, तर हा लावणीचा धक्का नव्हे. किडी शोधा. पांढऱ्या कागदावर शेंडा चार-पाच वेळा झटका. पिवळसर, काडीसारखे, मिलिमीटरभर जीव धावताना दिसले तर फुलकिडे. मिरचीत फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळ्यांनी (रस शोषणाऱ्या सूक्ष्म माइट्सनी) खाली वळतं आणि देठ लांबतो. हे कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, दहापट भिंग लागतं.

फुलकिड्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली सौम्य द्रवसाबण घुसळा. आधी एका फांदीवर फवारून दुसऱ्या दिवशी पाहा, मग संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. द्रावण दर वेळी ताजं करा. कोळी असतील तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. तेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर हवं, आणि पारा ३२ अंशांवर असताना गंधक फवारायचं नाही, पानं करपतात.

पानं बारीक, शिरा जाड, शेंडा गुच्छासारखा आणि झाडावर पांढरी माशी असेल, तर हा विषाणूचा चुरडा-मुरडा किंवा बोकड्या. याला औषध नाही. रोप उपटून पिशवीत बंद करून टाका, इतर कुंड्या तरी वाचतील.

प्रश्न : लिंबाचं कलम नव्या कुंडीत लावलं. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

उत्तर : हा लोहाचा केवडा, म्हणजे लोह न मिळाल्याने पान पिवळं पडणं. लोह जुन्या पानांतून नव्यात सरकत नाही, म्हणून शेंडाच पिवळा. बहुतेकदा मातीत लोह असतं, पण सामू (पीएच) ७.५ च्या वर गेल्यावर ते मुळांना घेता येत नाही. कठीण पाणी आणि चुलीतली राख सामू वाढवतात, तेव्हा राख बंद. सतत ओल्या मातीतही हेच दिसतं, म्हणून आधी निचरा पाहा. मग चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांनी पुन्हा. आणि कलमाचा सांधा मातीत गाडला गेला असेल तर आजच उघडा करा, तिथून खोड कुजतं.

प्रश्न : पिवळी पानं काढावीत का?

उत्तर : बोट लावताच गळतील ती काढा. ओढावं लागतं ते पान राहू द्या, झाड अजून त्यातून काही घेत असतं. खालची पूर्ण पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवून सुधारणा कळणार नाही. शेंड्याचा कोंब पाहा : नवं पान सरळ आणि नेहमीच्या आकाराचं उलगडलं की मुळं चालू झाली.